घरात कॉम्प्युटर एक, माणसं सहा; मग मेल आपल्यापुरता कसा ठेवायचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिरगावात दोन खोल्या, माणसं सहा, बाहेरच्या खोलीत एकच कॉम्प्युटर आणि त्याला पासवर्ड नाही. तुम्ही ब्लाउज शिवायच्या ऑर्डरी घेता. बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट मेलवर येतात. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी "काकू, मी काढून देतो" म्हणून मेल आयडी काढून दिला. आता तुम्ही उघडायच्या आधीच काही मेल वाचलेले दिसतात. नवा आयडी काढावा का, तो खासगी कसा राहील, आणि हे सगळं करताना घरात कोणाला "ही आमच्यावर संशय घेते" असं वाटू नये, ते कसं साधायचं.

शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, त्यावर शेवटी येते. मी १९९९मध्ये परळला सायबर कॅफे काढला. तो धंदा बसल्यावर घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि बायकांना, आजी-आजोबांना शिकवते. एकाच मशीनवर दहा माणसांचे मेल उघडताना आणि उघडे राहताना मी इतक्यांदा पाहिलं आहे, की पासवर्ड कठीण ठेवा हा सल्ला मी पहिला देतच नाही.

आधी हे समजून घ्या की तुमचा मेल कुणी पासवर्ड फोडून वाचत नसावं. त्याची गरजच नाही. लोकलच्या पासाचं उदाहरण घ्या. खिडकीवर एकदा पैसे भरले की महिनाभर रोज रांग लावायला नको. मेलचंही तसंच. तुम्ही एकदा पासवर्ड टाकला की ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखा इंटरनेट उघडायचा प्रोग्राम, एक पास बनवून स्वतःच्या खिशात ठेवतो. खिडकी बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, तरी पास तिथेच. आणि तो खिसा कॉम्प्युटरचा आहे, तुमचा नाही. त्या खुर्चीत जो बसेल तो तुमच्या पासावर प्रवास करेल. मुद्दाम करेल असंही नाही. क्रिकेटचा स्कोअर बघायला बसलेल्या भाऊजींनी मेलचं चिन्ह दाबलं की समोर तुमचाच इनबॉक्स येतो, आणि वरचा मेल उघडून बघणं हा माणसाचा स्वभाव आहे.

यातून मीही सुटलेली नाही. एका क्लासमध्ये शिकवायला जायचे, तिथल्या कॉम्प्युटरवर माझा मेल उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी चहा आणणारा मुलगा अगदी आपुलकीने विचारतो, "मॅडम, लोन मंजूर झालं ना?" आदल्या रात्री इतरांना शिकवून आले होते, बरं का, की लॉगआउट केल्याशिवाय उठू नका.

गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये मेल उघडून देणाऱ्या पहिल्या काही सेवांपैकी एक जन्मालाच आली ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर खासगी बोलता यावं म्हणून. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ नोकरी करत असताना त्यांना ऑफिसच्या नेटवर्कवरून एकमेकांशी आपल्या धंद्याच्या कल्पनांबद्दल बोलायची पंचाईत व्हायची. त्यातून ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू झालं. कुठल्याही मशीनवर मेल उघडायची सोय झाली, आणि कुठल्याही मशीनवर तो उघडा राहायचीही.

आता तुमच्या घराकडे वळू. नवा आयडी काढायची घाई करू नका. आधी जुना कुठे कुठे उघडा आहे ते बघा. जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या अगदी खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डिटेल्स’ असं दिसतं. ते दाबलं की अलीकडे मेल कुठून उघडला गेला त्याची यादी येते. त्याहून उपयोगी म्हणजे गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’ पानावरची ‘युअर डिव्हायसेस’ ही यादी. माझा अंदाज सांगू? तिथे पुतण्याचा फोन निघेल. मी पाहिलेल्या अशा दहांतल्या सात-आठ घरांत हेच निघतं. मुलाने आयडी स्वतःच्या फोनवर काढलेला असतो आणि काढून टाकायचं राहून गेलेलं असतं. मग काकूंचा प्रत्येक मेल त्याच्या फोनवर टिंग करून वाजतो. बिचारा वैतागून उघडतो आणि बंद करतो. झाला मेल ‘वाचलेला’.

यात एक वाईट गोष्ट दडलेली आहे. नव्या ठिकाणी लॉगिन करताना गूगल कधी कधी फोनवर विचारतं, "हे तुम्हीच आहात ना?" हा प्रश्न ज्या फोनवर ते अकाउंट चालू आहे तिथे जातो. म्हणजे तुमच्या घराची किल्ली मागायला बेल वाजते ती पुतण्याच्या दारावर.

त्या यादीतून अनोळखी किंवा नको असलेली उपकरणं ‘साइन आउट’ करा, आणि मग पासवर्ड बदला. पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन आपोआप निघतं, पण ‘बहुतेक’वर विसंबू नका. यादी पुन्हा उघडून पाहा. तिथेच रिकव्हरीचा फोन नंबर आणि रिकव्हरीचा मेल कोणाचा आहे तेही बघा. पासवर्ड कितीही भारी असू द्या, ‘फर्गॉट पासवर्ड’ दाबल्यावर ज्याच्या फोनवर कोड येतो तो त्या अकाउंटचा खरा मालक. तो नंबर तुमचा, तुमच्याच हातातल्या फोनचा हवा. मिस्टरांचा नको, मुलाचा नको.

अजून दोन बिळं बुजवायची आहेत. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ असं पान असतं. तिथे दुसरा पत्ता टाकलेला असेल तर तुमच्या प्रत्येक मेलची एक प्रत तिकडे जात राहते. पासवर्ड बदलला तरी जात राहते, कारण ते काम लॉगिनवर अवलंबून नाही. शेजारच्या ‘फिल्टर्स’च्या पानावरही असंच एखाद्या ठरावीक मेलपुरतं करून ठेवता येतं. आणि ‘अकाउंट्स’च्या पानावर ‘ग्रँट ॲक्सेस’ नावाची, दुसऱ्याला तुमचा मेल उघडायची परवानगी देणारी ओळ आहे, तिथे कोणाचं नाव नाही ना बघा. घरगुती प्रकरणात हे क्वचित सापडतं, छोट्या ऑफिसांत मात्र मला दोनदा सापडलं आहे. दोन्ही वेळा ते लावणारा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि मेल त्याच्याकडे सुखाने जात होते.

आता कॉम्प्युटर. माझं ठाम मत: सगळ्यांना मिळून एकच लॉगिन असेल तर बाकी सगळी खबरदारी म्हणजे दाराला कडी नसताना कपाटाला कुलूप लावणं. विंडोजमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देता येतं, फुकट, दहा मिनिटांत. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर यूजर्स’, तिथे ‘ॲड अकाउंट’. विंडोज १०मध्ये याच पानाचं नाव ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ असं आहे. तिथे तो मायक्रोसॉफ्टचा मेल आयडी मागेल. "माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इनची माहिती नाही" अशा अर्थाची ओळ दाबा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर जोडायचा पर्याय येतो. नाव टाका, पासवर्ड टाका, झालं. तुमचा डेस्कटॉप वेगळा, डाउनलोड वेगळे, ब्राउझर वेगळा, त्याच्या खिशातले पास वेगळे. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, पडद्याला कुलूप. मशीन जुनं आणि मेमरी ४ जीबी असेल तर मात्र कुलूप लावण्याऐवजी पूर्ण ‘साइन आउट’ करा, नाहीतर मागे चार जणांचे ब्राउझर चालू राहतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. मग सगळे म्हणणार, "हे वेगळं लॉगिन केल्यापासूनच स्लो झालंय."

एक मर्यादा सांगते. ज्याचं लॉगिन ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ आहे तो इतरांच्या फोल्डरमध्ये शिरू शकतो आणि त्यांचा पासवर्डही बदलू शकतो. घरात एकच ॲडमिनिस्ट्रेटर ठेवा, आणि ते लॉगिन रोजच्या वापराचं नको. त्याचा पासवर्ड कोणाकडे असावा हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. मला विचाराल तर सतरा वर्षांच्या मुलाकडे नको. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो गेम टाकता टाकता सोबत काहीही टाकेल म्हणून.

क्रोममध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. गोल चित्र, वेगवेगळे रंग, छान दिसतं. पण एकाच विंडोज लॉगिनमधल्या त्या प्रोफाइलला कुलूप नसतं. तुमच्या चित्रावर कोणीही क्लिक केलं की ते उघडतं. ती सोय आहे सरमिसळ टाळायची. एका खोलीत साडीचा पडदा लावून दोन खोल्या केल्यात इतकंच.

वेगळं लॉगिन घरात कोणी करूच देत नसेल, तर क्रोममध्ये ‘गेस्ट’ खिडकी वापरा. वरच्या गोल चित्रावर क्लिक केलं की यादीत खाली सापडते. गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की पास, हिस्ट्री, सगळं पुसलं जातं. इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी खिडकी, बहुतेकांना माहीत असते, तरी मी गेस्टच सुचवते. कारण उघड्या असलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या एकच पास वाटून घेतात (गेस्टच्याही आपसात घेतात, पण घरात दुसऱ्या कोणाची उघडी राहिलेली असते ती बहुधा इन्कॉग्निटो). तुम्ही तुमची बंद केली, पण मुलाची एक खाली दडवून ठेवलेली असेल, तर तुमचं लॉगिन तिच्यात जिवंत राहतं. (मुलाची इन्कॉग्निटो खिडकी का उघडी असते, तो वेगळा विषय.) आणि गेस्ट असो की इन्कॉग्निटो, खाली उतरवलेली फाइल डिस्कवर तशीच राहते.

या फाइलींबद्दल जरा जास्त बोलते, कारण लोक मेलला जपतात आणि आतला ऐवज बाहेर ठेवतात. तुम्ही बँकेचं स्टेटमेंट खाली उतरवून पाहिलं, मेल बंद केला, लॉगआउट केलं. स्टेटमेंट ‘डाउनलोड्स’मध्ये पडलेलं आहे. त्याला पासवर्ड आहे म्हणाल, तर तो पासवर्ड काय असतो? ई-आधारच्या पीडीएफचा म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं वर्ष. बऱ्याच बँकांचा याच चालीवर, नाव आणि जन्मतारीख. रस्त्यावरच्या चोराला हे शोधावं लागेल, घरातल्याला तुमची जन्मतारीख केकसकट पाठ आहे. म्हणून रिपोर्ट, स्टेटमेंट शक्यतो मेलच्या आतच उघडून वाचा. उतरवलंच, तर काम झाल्यावर शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे ते रीसायकल बिनमध्येही राहणार नाही.

नव्या आयडीच्या पासवर्डलाही हेच लागू. मुलांची नावं, लग्नाचं वर्ष, कुलदैवत, चाळीचं नाव, घरात हे पहिल्या पाच मिनिटांत सुचतं. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या, तुमच्या शिवणकामातले, माहेरच्या गावातले, कसलेही. लांब असू दे, विचित्र चिन्हांची गरज नाही. आणि वहीत लिहून ठेवायला माझी हरकत नाही. मात्र ती वही कॉम्प्युटरच्या टेबलावर नको, कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी हवी. ब्राउझर "पासवर्ड सेव्ह करू?" विचारेल, सामायिक मशीनवर उत्तर कायम नाही. हल्ली "पासकी बनवू?" असंही विचारतो, म्हणजे पासवर्डऐवजी त्या उपकरणाच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय. ती बनवायची असेल तर स्वतःच्या फोनवर बनवा, बाहेरच्या खोलीतल्या मशीनवर नाही. आणि जन्मतारीख खरीच टाका. खोटी टाकून दोन वर्षांनी अकाउंट अडकल्यावर मी कोणती टाकली होती, म्हणून रडणारे मी पाहिले आहेत.

दोन पायऱ्यांची पडताळणी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, जरूर चालू करा. पासवर्डनंतर फोनवर विचारणा होते किंवा कोड येतो. घरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना त्याच पानावर "या उपकरणावर पुन्हा विचारू नका" असा चौकोन असतो. त्यातली टिक काढा, नाहीतर दुसरी पायरी असून नसल्यासारखी. दुसरं, फोन लॉक असतानाही कोड पडद्यावर झळकतो, तो लपवायची सोय फोनच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये आहे, ती लावा. तिसरं अगदी मुंबईचं आहे. फोन लोकलमध्ये गेला तर? चर्चगेट ते दादर गर्दीत मारलेला फोन म्हणजे तुमची दुसरी पायरी मारली. म्हणून गूगल फोन हाताशी नसताना वापरायला एका वेळी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून त्याच लॉकरमध्ये ठेवा. कॉम्प्युटरवर ‘बॅकअप कोड’ नावाची फाइल करून ठेवू नका. हसू नका, हे मी डेस्कटॉपच्या मधोमध पाहिलं आहे.

झेरॉक्सच्या दुकानाचं थोडक्यात सांगते. तिथल्या मशीनवर मेल उघडूच नका. छापायचा कागद फोनवरून पाठवायचा तर तेवढाच पाठवा, आधार असेल तर मास्क्ड आधार (नंबरचे पहिले आठ आकडे झाकलेलं), आणि काका ओळखीचे असतील तर समोरच डिलीट करायला सांगा. ओळखीचे नसतील तरी सांगा. सायबर कॅफेत उघडावाच लागला, तर हे ध्यानात ठेवा की २०११च्या नियमांनुसार कोणत्या साइट पाहिल्या गेल्या त्याची नोंद कॅफेवाल्याला किमान वर्षभर ठेवावी लागते. तिथे इन्कॉग्निटो उघडून काही लपत नाही. शिवाय मशीनवर बोटांचा प्रत्येक दाब टिपणारं काही बसवलंय का, हे तुम्हाला कळणार नाही. माझ्या कॅफेत मी दर रविवारी सगळी मशीनं पुसून काढायचे, पण सगळेच काढत नसत, हे धंद्यात असल्यामुळे ठाऊक आहे.

आता घरातल्या माणसांचं. परवानगीशिवाय दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे माहीत असू द्या आणि जेवणाच्या ताटावर काढू नका. पैसे गेले, कोणी तुमच्या नावाने काही केलं, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर आहेच. तुमच्या घरात तसं काही घडलेलं मला दिसत नाही.

मी दोन आयडी ठेवायला सांगते. जुना आयडी ऑर्डरींचा. गिऱ्हाइकांकडे तोच आहे, डिझाइनचे फोटो त्यावरच येतात. तो घरात चारचौघांत उघडा राहिला तर काय बिघडलं? उलट तुम्ही सुईत दोरा ओवत असताना पुतण्या म्हणेल, "काकू, माप आलंय." नवा आयडी फक्त बँक, डॉक्टर, विमा आणि तुमच्या मैत्रिणींचा. तो तुमच्या लॉगिनमध्ये आणि तुमच्या फोनवर, बाकी कुठेही नाही. दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये एकत्र लॉगिन करू नका, नाहीतर एकाच्या चित्रावर क्लिक करताना दुसराही यादीत दिसतो. अशाने घरात कोणापासून काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही. आहे ते तसंच, वर तुमचं एक छोटं पाकीट.

आणि वेगळं लॉगिन करायला घ्याल तेव्हा स्वतःपासून सुरुवात करू नका. "सगळ्यांना आपापलं लॉगिन करू या, सासूबाईंच्या कीर्तनाच्या व्हिडिओत मुलांच्या गेमच्या जाहिराती येतात" असं म्हणा. सहा जणांना सहा लॉगिन झाली की तुमचं त्यातलं एक. हे काम पुतण्यालाच द्या. त्याला येतं, आणि विश्वास टाकला की तो स्वतःच म्हणेल, "काकू, तुमचं अकाउंट माझ्या फोनवर पण आहे हां, काढू का?" नाही म्हणाला तर तुम्ही सहज म्हणा, "अरे, माझे मेल तुझ्याकडे वाजून त्रास होत असेल ना?" मात्र पासवर्ड टाकायची वेळ आली की कीबोर्ड स्वतःकडे ओढून घ्या. त्याला तेवढं समजतं.

बँकेत मेल आयडी बदलायला शाखेत फॉर्म भरावा लागेल किंवा नेटबँकिंगमधून होईल, विमा आणि दवाखान्याला वेगळं कळवावं लागेल. हे सगळं एका आठवड्यात होत नाही. तोवर जुन्या आयडीवर बँकेचे मेल येतच राहतील, ते वाचून लगेच डिलीट करा आणि ट्रॅशमधूनही काढा, कारण तिथे ते ३० दिवस पडून असतात. नव्या आयडीत मात्र महिन्यातून एकदा तरी डोकवा. दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल बंद करून आतलं सगळं पुसू शकतं.